आयपी पत्ता बदलला तरी काही साधू नये, अशी व्यवस्था कशी लावायची

सकाळी अकराच्या सुमारास नेट गेलं. सगळ्यांचं नव्हे. काहींचं चालू, काहींचं बंद, आणि पाच मिनिटांनी बरोबर उलट. मी या कामात नवा होतो. राउटर बंद करून चालू केला, मग परत एकदा केला, मग लाइन पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावून तासभर त्यांच्याच डोक्यावर खापर फोडलं. लाइन ठणठणीत होती. शेवटी एका मशीनवर काळी खिडकी उघडून ‘एआरपी -ए’ मारलं. कुठल्या आयपीमागे कोणतं मशीन आहे ते ही कमांड दाखवते. गेटवेच्या (बाहेर जायच्या दाराच्या, म्हणजे राउटरच्या) पत्त्यापुढे, म्हणजे १९२.१६८.१०.१ च्या पुढे, जो मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) दिसला त्याची शेवटची जोडी होती ‘ए९’. राउटरच्या पोटाखालच्या लेबलवर ‘४सी’. शेजारच्या मशीनवर तीच कमांड मारली तर तिथं ४सी! एकाच पत्त्यावर दोघं हक्क सांगत होते आणि प्रत्येक मशीन शेवटचं उत्तर ज्याचं आलं त्याच्यावर विश्वास ठेवून मोकळं होत होतं.

झालं होतं एवढंच, की एकाने आपल्या लिनक्स मशीनवर कुठूनतरी उतरवून घेतलेल्या कमांडी चालवल्या होत्या आणि स्वतःच्या पत्त्याच्या जागी गेटवेचा आकडा घातला होता. हेतू वाईट नव्हता. विंडोज असती तर नवा पत्ता लावण्याआधी तिने ‘हा कुणाचा आहे का?’ असं नेटवर्कवर विचारलं असतं आणि उत्तर आल्यावर माघार घेतली असती. अर्थात तिथंही पळवाट आहेच. खरा मालक त्या वेळी बंद असेल तर उत्तर द्यायला कुणी नसतं, पत्ता लागून जातो, आणि दुसऱ्या दिवशी खरा मालक आपलं मशीन चालू करतो तेव्हा ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ची पाटी त्याच्या नशिबी येते.

चुकून करणारे असे. मुद्दाम करणारे वेगळे. अमुक पत्त्यावरून सगळ्या साइट उघडतात, अमुक पत्त्याला जास्त वेग आहे, हे एकदा कुणाच्या लक्षात आलं की बातमी पसरायला वेळ लागत नाही.

नवखा माणूस इथं हमखास एक चूक करतो, मीही केली. सगळी ताकद सेटिंगची खिडकी लपवण्यात घालवतो. पण खिडकी ज्या मशीनवर आहे ते मशीन कायम तुमच्या ताब्यात असतंच असं नाही. लॅपटॉप लोकांचे स्वतःचे, फोन लोकांचे स्वतःचे. तुमच्या ताब्यात नक्की असतात ते राउटर आणि स्विच (सगळ्यांच्या केबल एकत्र येतात तो डबा). म्हणून खरा बंदोबस्त तिथं करायचा. लोकांनी पत्ता बदलायचा तर बदलू दे. आपण न दिलेल्या पत्त्यावरून नेटवर्कने दादच द्यायची नाही. खालच्या पायऱ्या त्या क्रमाने आहेत आणि क्रम मोडू नका. उलट्या क्रमाने केलंत तर पहिले बाहेर फेकले जाल ते तुम्ही स्वतः.

पायरी १: वहीत लिहा

कुठलाही पत्ता अडवण्याआधी कुठला पत्ता कुणाचा हे माहीत हवं. स्प्रेडशीट उघडा आणि रकाने करा: मशीन कुणाचं, मॅक पत्ता, आयपी, स्विचचा कोणता पोर्ट, कुठल्या खोलीत. मॅक पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे लिहिताना १२ हेक्स अंकांचा असतो. विंडोजवर तो ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ मध्ये ‘फिजिकल ॲड्रेस’ या नावाने दिसतो. प्रत्येक मशीनपाशी जायची गरज नाही. राउटरच्या एआरपी टेबलात आणि डीएचसीपीच्या (पत्ते आपोआप वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) लीज यादीत बहुतेक सगळं सापडतं. उरलेल्यांसाठी मात्र पायपीट करावी लागते.

त्याच बसणीत पत्त्यांची वाटणीही करून टाका. मी (पत्त्याचा शेवटचा आकडा) २ ते ४९ स्विच, ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर, कॅमेरे, सर्व्हर यांना ठेवतो आणि ५० ते २४० माणसांच्या मशीनना. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण यंत्रं आणि माणसं वेगळ्या पट्ट्यात ठेवा. पुढे लॉग वाचताना पत्ता बघूनच कळतं की हा प्रिंटर बोलतोय की कुणी प्रिंटरचं सोंग घेतलंय.

हजेरीला दोन-तीन दिवस द्या. आठवड्यातून एकदाच चालू होणारं एखादं मशीन असतंच, आणि ते नेमकं तुम्ही कुलूप लावल्यावर चालू होतं.

पायरी २: पत्ते एकाच हाताने वाटा

पत्ता हाताने भरायची पद्धत बंद करा. सगळ्यांना डीएचसीपीवर आणा, आणि ज्याला कायम तोच पत्ता हवा त्याला डीएचसीपी सर्व्हरवरच रिझर्व्हेशन द्या: हा मॅक आला की हाच आयपी. मशीनवर सेटिंग ‘ऑटोमॅटिक’च राहतं आणि पत्ता तरीही ठरलेला मिळतो. प्रिंटरनाही हेच करा. त्यांच्या पॅनलवर बटणं दाबून पत्ता भरण्यापेक्षा ते सोपंच जातं.

लीज म्हणजे भाडेकरार समजा. मुदत अर्धी सरली की मशीन मुदतवाढ मागतं. आठ तासांची लीज असेल तर चार तासांनी. हा ‘अर्धा’ लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच अवलंबून आहे. कुलपं लावायच्या दोन-तीन दिवस आधी लीज एका तासावर आणून ठेवा. मग प्रत्येक मशीन अर्ध्या तासाने स्वतःहून हजेरी लावतं आणि तुमचे तक्ते झटपट भरतात. सगळं स्थिरावलं की मुदत परत वाढवा.

फोन मात्र रिझर्व्हेशनचा बट्ट्याबोळ करतात. ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून वाय-फायला जोडताना खरा मॅक न सांगता बनावट सांगायची पद्धत मूळ सेटिंगमध्येच आहे. बनावट मॅक ओळखायची खूण सोपी आहे. पहिल्या जोडीतला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला नाही, कुणीतरी बनवलेला आहे. (व्हर्च्युअल मशीनचे मॅकही कधी कधी असे असतात, तेव्हा लगेच कुणावर आळ घेऊ नका.) तुमच्या नेटवर्कपुरतं ते सेटिंग बंद करायला सांगा, किंवा फोनना वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) देऊन रिझर्व्हेशनच्या भानगडीतून काढून टाका. मी दुसरा मार्ग धरतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये शिरून सेटिंग बदलत बसण्याइतकं आयुष्य मोठं नाही.

पायरी ३: मशीनवरचं कुलूप

ही पायरी एका दुपारची. विंडोजवर आयपी बदलायला ॲडमिनचे अधिकार लागतात, म्हणून रोजच्या वापराचं खातं ‘स्टॅण्डर्ड युजर’ करा. एवढ्यानेच नव्वद टक्के खोडकरपणा थांबतो असं माझं मत आहे. आकडा मोजलेला नाही. ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स’ नावाचा एक ग्रुप असतो, तो उघडून बघा. त्यात असलेल्याला ॲडमिन नसतानाही पत्ता बदलता येतो, आणि कुणी कधी कुणाला तिथं घालून ठेवलंय हे कुणालाच आठवत नसतं.

लोकांना ॲडमिन ठेवणं भागच असेल, कारण एखादं जुनाट सॉफ्टवेअर त्याशिवाय चालत नाही, तर ग्रुप पॉलिसी (विंडोजची नियमावली) आहे. युजर कॉन्फिगरेशन, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्यात नेटवर्क, त्यात नेटवर्क कनेक्शन्स. तिथं ‘प्रोहिबिट ॲक्सेस टू प्रॉपर्टीज ऑफ अ लॅन कनेक्शन’ चालू करा. ती ॲडमिननाही लागू व्हावी म्हणून त्याच यादीतली ‘एनेबल विंडोज २००० नेटवर्क कनेक्शन्स सेटिंग्ज फॉर ॲडमिनिस्ट्रेटर्स’ हीसुद्धा चालू करावी लागते. नाव जुनं असलं तरी तिच्याशिवाय ॲडमिनवर पॉलिसीचा परिणाम होत नाही. विंडोज होममध्ये पॉलिसीचा एडिटर नसतो. आणि हे सगळं फक्त खिडकी झाकतं. ॲडमिन असलेल्याला ‘नेटएसएच’ कमांडची एक ओळ लिहून पत्ता बदलता येतोच.

लिनक्सवर रूट किंवा सुडो, म्हणजे तिथले ॲडमिनचे अधिकार, काढून घ्या. नेटवर्क मॅनेजर असेल तर साध्या युजरला सिस्टिमची जोडणी बदलू द्यायची की नाही हे पोलकिटचा नियम ठरवतो, तो तपासा. ॲपलच्या मॅक संगणकावर ॲडमिन नसलेलं खातं द्या.

यूएसबीवरून बूट होऊ देऊ नका, बायोसला पासवर्ड घाला. पेनड्राइव्हवरचं लिनक्स लावून बसलेला माणूस त्या मशीनचा राजाच असतो, तुमचं स्टॅण्डर्ड युजर तिथं कुणी विचारत नाही.

पायरी ४: राउटरने ओळख दाखवू नये

इथून खरं काम सुरू होतं. राउटरला एखाद्या आयपीकडे उत्तर पाठवायचं असेल तर आधी त्या आयपीचा मॅक लागतो, आणि तो एआरपी नावाच्या साध्या हाकाटीने मिळतो. ‘१९२.१६८.१०.७७ कोण?’ ‘मी!’ एआरपी १९८२ सालचं आहे आणि खातरजमा नावाचा प्रकारच त्यात नाही. जो ‘मी’ म्हणेल तो. हाकाटी बंद करून राउटरला पक्की यादी दिली, की यादीबाहेरचा पत्ता त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर हे दोन सेटिंगचं काम आहे. डीएचसीपी सर्व्हरमध्ये ‘ॲड एआरपी फॉर लीजेस’वर टिक करा, म्हणजे लीज घेणाऱ्या प्रत्येक मशीनची जोडी राउटर स्वतः यादीत घालतो. मग ज्या इंटरफेसवर लोक आहेत (बहुधा ब्रिज) त्याचं एआरपी ‘रिप्लाय-ओन्ली’ करा. पीएफसेन्स या राउटर-सॉफ्टवेअरवर डीएचसीपी सर्व्हरच्या पानावर ‘स्टॅटिक एआरपी’ आहे. बऱ्याच लहान राउटरवर हीच गोष्ट ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ नावाने असते.

टिक केल्या केल्या रिप्लाय-ओन्लीवर उडी मारू नका. आधी सगळ्यांनी लीज नव्याने घेऊ दे. मग एआरपीची यादी उघडा, पहिल्या पायरीतल्या वहीशी ताडून बघा, आणि डीएचसीपीवर नसलेल्यांच्या जोड्या हाताने घाला. सगळ्यात आधी स्वतःच्या मशीनची. मी ती विसरलो होतो. ‘अप्लाय’ दाबलं आणि काही क्षणांत राउटरचं पान जे गेलं ते गेलं. मायक्रोटिक असल्यामुळे वाचलो, कारण विनबॉक्स (मायक्रोटिकची सेटिंग बदलायचं ॲप) आयपीशिवाय नुसत्या मॅक पत्त्यावरूनही आत शिरू शकतो. तुमच्या राउटरला अशी मागची वाट आहे का, हे कुलूप लावायच्या आधी बघून ठेवा.

आता समजा कुणी हाताने ७७ लावला आणि यादीत ७७ रिझर्व्हेशनने दुसऱ्याचा आहे. याची पाकिटं (डेटाचे तुकडे) बाहेर जातील, पण उत्तर राउटर यादीतल्या मॅककडे पाठवेल, म्हणजे खऱ्या मालकाकडे. याच्या ब्राउझरमध्ये चक्र फिरत राहील. कंटाळून तो पत्ता परत ऑटोमॅटिक करतो, हे मी बसल्या जागेवरून लॉगमध्ये पाहिलेलं आहे.

पण माझी ती अकराची भानगड या पायरीने थांबली नसती. गेटवेचा पत्ता चोरणारा राउटरला फसवत नाही, तो शेजारच्या मशीनना फसवतो. ती हाकाटी राउटरपर्यंत जायची गरजच नसते, स्विचच्या आतच सगळा खेळ होतो. तो अडवायचा तर स्विच शहाणा हवा.

पायरी ५: स्विचवर पहारा

साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचवर हे होत नाही. मॅनेज्ड स्विच घ्यावा लागतो, आणि घेताना माहितीपत्रकात तीन नावं शोधा: डीएचसीपी स्नूपिंग, आयपी सोर्स गार्ड, डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन. पहिल्याने माहिती गोळा होते, बाकीचे दोघं त्या माहितीवर चालतात. म्हणून पहिल्याशिवाय दुसरं आणि तिसरं चालू करण्यात काहीच अर्थ नाही.

स्नूपिंग व्हीलॅननिहाय चालू होतं. ज्या पोर्टच्या दिशेने डीएचसीपी सर्व्हर आहे त्याला ‘ट्रस्टेड’ करा, एका स्विचमागे दुसरा असेल तर त्यांना जोडणारा पोर्टही. बाकी सगळे आपोआप अविश्वासू ठरतात आणि तिकडून पत्ता वाटण्याचा कुठलाही प्रयत्न स्विच गिळून टाकतो. घरून आणलेला वाय-फाय राउटर कुणी चुकीच्या भोकात खुपसला की निम्म्या लोकांना भलतेच पत्ते मिळतात, तो उपद्रव इथंच संपतो. त्याच वेळी स्विच एक तक्ता भरत जातो: हा मॅक, हा आयपी, हा व्हीलॅन, हा पोर्ट, एवढी मुदत.

सिस्कोच्या स्विचवर इथं एक खड्डा आहे. स्नूपिंग चालू केलं की तो विनंत्यांमध्ये ‘ऑप्शन ८२’ची (विनंती कुठल्या पोर्टवरून आली हे सांगणारी) चिठ्ठी स्वतःहून घालतो, आणि काही डीएचसीपी सर्व्हर अशी चिठ्ठी लावलेली विनंती फेकून देतात. लक्षण असं: जुनी मशीनं चालू राहतात, नव्याने चालू होणारी, डीएचसीपीचं उत्तर न आल्याने, स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. तुम्हाला त्या चिठ्ठीची गरज नसेल तर ती घालणं बंद करा.

तक्ता भरल्यावर, म्हणजे लीज एक तासाची केली असेल तर तासाभराने, आयपी सोर्स गार्ड चालू करा. एकदम सगळ्या पोर्टवर नको. आधी तुमच्या शेजारच्या, चेष्टा सहन करणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याच्या पोर्टवर. मग एकेक खोली. या पोर्टवरून तक्त्यातला आयपी सोडून दुसऱ्या कुठल्याही आयपीचं पाकीट आलं तर स्विच ते दारातच टाकून देतो. हाताने पत्ता दिलेल्या यंत्रांच्या नोंदी तक्त्यात तुम्हालाच भराव्या लागतात. स्विच-स्विचमधल्या जोडणीवर गार्ड लावू नका.

शेवटी एआरपी इन्स्पेक्शन. आता कुणी ‘१९२.१६८.१०.१ मीच’ असं म्हणालं तर स्विच तक्ता बघतो, तिथं तसं काही नसतं, आणि ती हाक शेजाऱ्यांच्या कानावर जातच नाही. गेटवेकडचा पोर्ट इन्स्पेक्शनसाठीही ट्रस्टेड ठेवला की त्याचं चालू राहतं. सिस्कोवर अविश्वासू पोर्टला सेकंदाला १५ एआरपी पाकिटांची मर्यादा असते आणि ती ओलांडली की पोर्टच बंद होतो. एकाच पोर्टमागे छोटा स्विच लावून सात-आठ मशीनं जोडलेली असतील तर ही मर्यादा आधी वाढवा. त्या छोट्या स्विचमागची मशीनं आपसात काय करतात ते मोठ्या स्विचला दिसत नाही, हेही आलंच.

सगळ्यात वाईट खड्डा वीज गेल्यावरचा. हा तक्ता स्विचच्या मेमरीत असतो. स्विच रिस्टार्ट झाला की पाटी कोरी, आणि गार्ड मात्र चालूच. मशीनना वाटतं आपली लीज शाबूत आहे, स्विचला कुणीच ओळखीचं वाटत नाही, सगळं ठप्प. म्हणून तक्ता फ्लॅशवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवर साठवायचं सेटिंग असतं, ते गार्डच्या आधी करा. त्यासाठी स्विचचं घड्याळही बरोबर हवं, कारण मुदती घड्याळावर मोजल्या जातात. एनटीपी (घड्याळ नेटवरून जुळवणारी सेवा) लावून ठेवा.

वाय-फायवर हेच काम बऱ्याच कंट्रोलरमध्ये एका टिकने होतं: ज्याने डीएचसीपीने पत्ता घेतला नाही त्याला आत सोडू नये. सोबत क्लायंट आयसोलेशन चालू केलं तर फोन एकमेकांना दिसतही नाहीत.

मॅकच बदलला तर?

बदलता येतो, आणि फार कष्ट न घेता. दुसऱ्याचा मॅक आणि आयपी दोन्ही उचलले तर चौथी पायरी फसते. पाचवी बरीचशी टिकते, कारण तिच्या तक्त्यात पोर्टही असतो. तोतया दुसऱ्या खोलीतून आला तर जोडी जुळत नाही. पोर्ट सिक्युरिटी लावून एका पोर्टवर एकच मॅक ठेवलात तर आणखी घट्ट. मात्र त्याच टेबलावर बसून तीच केबल वापरणाऱ्याला हे काहीच अडवत नाही.

त्याला ८०२.१एक्स हवं. केबल जोडली की आधी नाव-पासवर्ड किंवा प्रमाणपत्र, ते रेडियस सर्व्हरने (ओळख तपासणाऱ्या सर्व्हरने) मान्य केलं तरच पोर्ट उघडतो. उभारायला मेहनत आहे आणि नवख्याने पहिल्याच महिन्यात त्याच्या नादी लागू नये. पण एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. कुणाला कुठल्या साइट उघडाव्यात, कुणाला किती वेग, हे नियम आयपीवर बांधलेले असतील तर ते लॉगिनवर किंवा व्हीलॅनवर न्या. पत्ता चोरण्यात फायदाच उरला नाही की मुद्दाम करणारे आपोआप गळतात. उरतात ते चुकून करणारे, आणि त्यांच्यासाठी वरचं सगळं पुरून उरतं.

आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती; वरचे सगळे पत्ते व्ही४ चे) विसरू नका. व्ही४ वर एवढी कुलपं लावून व्ही६ उघडं ठेवलंत, तर फायरवॉलचे नियम फक्त व्ही४ चे असल्याने लोक बिनबोभाट बाजूने निघून जातात, बिचाऱ्यांना स्वतःलाही ते कळत नाही. मशीनं व्ही६ चा तात्पुरता पत्ता आपणहून बदलत असतात, तेव्हा पत्त्यावर नियम बांधायचा प्रश्नच नाही. वापरत नसाल तर राउटरवर बंद करा. वापरत असाल तर स्विचवर आरए गार्ड (तोतया राउटरच्या घोषणा अडवणारा) लावा आणि फायरवॉलचे नियम दोन्हीकडे लिहा.

करून बघा

कुलूप लागलं का हे स्वतः चोर होऊन बघायचं. आपला लॅपटॉप एखाद्या सामान्य पोर्टला जोडा, आधी डीएचसीपीने पत्ता घ्या आणि गेटवेला पिंग करा. उत्तर यायला हवं. मग पट्ट्यातला एखादा रिकामा पत्ता हाताने लावा. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर उत्तम. मग प्रिंटरचा लावा. मग, सगळे घरी गेल्यावर, गेटवेचा. प्रत्येक वेळी स्विचच्या लॉगमध्ये तुमचा मॅक आणि पोर्ट लिहून आला पाहिजे. लॉगमध्ये काहीच आलं नाही आणि पिंगही चाललं, तर गार्ड त्या पोर्टवर लागलेलाच नाही. बहुतेक तुम्ही तो चुकून ट्रस्टेड करून ठेवला असेल.

स्विचचा पहारा नसलेल्या जागी नजर ठेवायला एखाद्या जुन्या मशीनवर एआरपीवॉच लावून ठेवा. एखाद्या आयपीचा मॅक बदलला की तो मेल पाठवतो, आणि दोन मॅकमध्ये मागे-पुढे होत राहिला तर विषयातच ‘फ्लिप फ्लॉप’ लिहितो. विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये ४१९९ क्रमांकाची नोंद शोधा, तिच्यात भांडणाऱ्या दुसऱ्या मशीनचा मॅक दिलेला असतो. तो घेऊन स्विचच्या मॅक टेबलात पोर्ट बघा, पोर्टवरून वहीतली खोली. त्या ए९ ला शोधायला मला अख्खी दुपार लागली होती, प्रत्येक टेबलाखाली वाकून. आता दोन मिनिटं पुरतात.

राहिली एकच परीक्षा. सुट्टीच्या दिवशी जा, चार-पाच मशीनं चालू ठेवा आणि स्विचची वायर ओढून काढा. परत लावा. स्विच उठल्यावर मशीनना हात न लावता त्यांचं नेट सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर तक्ता साठवला जात नाहीये. स्विचला फाइल लिहायला किती वेळ लागतो ते सेटिंगमध्ये बघा, तेवढं थांबून वायर पुन्हा ओढा.